मारोतीमामांनी भाची उचलली त्याची गोष्ट

"हात धरून तं कोणीबी आणते! मी माह्या भाचीले उचलून मंडपात आणीन, उचलून!"

बोरी अरबच्या मारोतीमामांनी हे वाक्य घरात बायकोपुढं म्हटलं असतं, तर खपलं असतं. पण त्यांनी ते म्हटलं भाचीच्या, निकिताच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भर पंगतीत, हातात बुंदीचा लाडू धरून, नवरदेवाकडच्या, फुलसावंगीच्या सगळ्या पाहुण्यांसमोर! लग्न लागायच्या वेळी नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा. बाकीचे मामा दंडाला धरून आणतात अन् मोकळे होतात. आमच्या मामांचं तेवढ्यानं भागेना.

त्याला कारणही तसंच होतं. निकिता रांगत होती तेव्हाच तिचे वडील गेले. मैनाबाई, म्हणजे मामांची बहीण, दिवसभर वावरात. पोरीला शाळेत न्यायचं, आणायचं, जत्रेत पाळणा दाखवायचा, सगळं मामांच्या खांद्यावरून. आता ती दुसऱ्याच्या घरी जाणार. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिला पुन्हा उचलून घ्यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. बोलताना डोळे भरून आले होते, म्हणून आवाज जरा मोठा लागला.

अडचण एवढीच, की मधल्या काळात पोरगी पोलिसात लागली होती. गोळाफेकीत तिचं नाव होतं. मनगटं अशी, की बांगड्या भरणारीनं हात जोडले! अन् मामा? मामा कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून बसून गल्ल्याच्याच आकाराचे झालेले.

"मामा, खरंच उचलायचं असन तं आजपासून लागा," निकिता म्हणाली. "पयले चाला, आंग गरम करा. मंग हलकं वजन, मंग थोडं जड. मधात एक दिवस आराम. एकदम करसान तं आंग धरते."

"तू मले शिकवून राह्यली काय? नाव मारोती हाय माह्यं!"

अन् नावाच्या भरवशावर मामा निवांत बसले. लग्न अगदी तोंडावर आलं, पत्रिका वाटून झाल्या, तेव्हा कुठं त्यांना एकदम आठवण झाली. मग काय! दुकान नोकरावर सोडलं, मागच्या गोदामात गेले, अन् चालणं नाही, अंग गरम करणं नाही, थेट सोयाबीनचं भरलेलं पोतं छातीशी धरलं. पोतं म्हणजे निकिता. ते घेऊन गोदामभर फेऱ्या. फेऱ्या झाल्या की पोत्यासकट उठाबशा! पुष्पामामी चहा घेऊन आल्या, तर नवरा घामानं निथळत पोत्याला कवटाळून "शुभमंगल सावधान" म्हणत उभा!

"काय करून राह्यले जी हे?"

"भाचीले मंडपात नेऊन राह्यलो! सरक बाजूला!"

संध्याकाळी मामा गावभर छाती काढून फिरले. कुठं काही दुखत नव्हतं. "पाह्य! म्हणे आंग धरते. कुठं धरलं?"

अंगानं रात्रभर विचार केला अन् सकाळी धरलं.

अन् कसं धरलं! सकाळी मामा जागे झाले, पण उठले नाहीत. उठायचा हुकूम सोडला, तर मांड्यांनी तो साफ धुडकावला. माणसाच्या अंगात इतके स्नायू असतात, हे मामांना आयुष्यात पहिल्यांदा समजलं, अन् दुखण्याच्या आधी त्यांना नवलच वाटलं. बापा बापा, केवढा कारभार आहे हा! हसलं की पोट दुखे, शिंकलं की पोटऱ्या दुखत. दात घासायला हात वर जाईना, तर डोकंच ब्रशपाशी आणून हलवावं लागलं.

शेजारचे डोमाजी एकेकाळी कुस्त्या खेळलेले. ते बघायला आले अन् खूश झाले. "दुखते म्हणजे लागू पडून राह्यलं! आज दुप्पट घाल, दुखणं भेऊन पळते!"

मामांनी घातलं. दुखणं काही भ्यालं नाही, उलट बिऱ्हाड घेऊन राहायला आलं. मग डोमाजींनी मालीश केली, ती पाठीवर गुडघे रोवून. त्यानं कंबरही गेली. मग तापवलेल्या विटकरीचा शेक झाला, त्यानं कातडी तेवढी लाल झाली.

"निकीले फोन लावा ना जी. पोट्टीले समजते त्यातलं," पुष्पामामी काकुळतीला आल्या.

"खबरदार! तिले समजलं तं ते मले उचलू देणार नाही!"

लग्नाच्या दिवशी मामांना जीपमधून उतरवलं, ते बाज दारातून काढतात तसं, तिरपं करून. कार्यालयाच्या दारात नवरदेवाचे आजोबा पुंडलिकराव स्वागताला उभे. आत निकिता, शालूत, मुंडावळ्या बांधलेली, अशी दिसत होती की मामा जागीच थांबले. सगळे थांबले. आता मामा भाचीच्या पाया पडणार! आमच्याकडे भाचा-भाची कितीही लहान असोत, वाकायचं मामानंच.

मामा देवाचं नाव घेऊन वाकले. खाली गेले. डोकं भाचीच्या पायांवर टेकलं.

अन् तिथंच राहिलं!

वर यायला मांड्या लागतात, अन् मांड्या कामावर नव्हत्या. मामा टेकलेले ते टेकलेलेच. वेदनेनं डोळ्यांतून घळाघळा पाणी. सनई वाजवणाऱ्याची एक धून संपली, दुसरी लागली, मामा हलेनात! सगळं कार्यालय चिडीचूप झालं.

"काय मामा हाय!" पुंडलिकरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "असं प्रेम मी जन्मात पाह्यलं नाही! उठावंच नाही वाटून राह्यलं माणसाले!"

नवरदेव अक्षयचे मामा वामनराव मघाशीच त्याच्या पाया घाईघाईत पडून मोकळे झाले होते. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते परत गेले अन् नवरदेवासमोर चक्क आडवे झाले! फोटोवाला तर वेडाच झाला. "मारोतीमामा, जबरदस्त! असेच राहा! हलू नका!"

हलतो कशाला!

एकट्या निकितानं मामांच्या थरथरणाऱ्या पोटऱ्या पाहिल्या. ती आशीर्वाद द्यायचं सोंग करून वाकली अन् हळूच म्हणाली, "मामा, काय उचललं?"

"सोयाबीनचं पोतं," पायांकडून आवाज आला.

"अन् दुखत असताना परत उचललं?"

"डोमाजी म्हणे..."

निकितानं काखेत हात घालून मामांना उभं केलं अन् थेट मागच्या अंगणात नेलं. शालूचा पदर खोचला. "झोपून राहू नका अन् जोरही लावू नका. हळूहळू चाला. आता भिंतीले हात लावा, एक पाय मागं. ताण वाटला पायजे, कळ नाही. श्वास रोखू नका. पाणी प्या."

मुंडावळ्या बांधलेली नवरी अन् भिंतीला टेकलेला मामा! खिडकीतून फुलसावंगीच्या बाया पाहू लागल्या. "हे काय व माय? तुमच्यात असं करतात काय?"

मैनाबाईंनी भावाची अब्रू राखली. "करतात तं! मामा-भाचीचं असते ते."

झालं! नवरदेवाकडच्यांनी तरी मान कशाला सोडायचा? जरा वेळानं त्याच भिंतीला वामनराव अन् अक्षयही हात लावून, एक पाय मागं टाकून उभे होते.

चालून, ताण देऊन मामांना जरा बरं वाटलं. पाय निदान ऐकायला लागले. लगेच आशा पालवली. "निकी, आता उचलतो तुले."

"नाही मामा. दुखऱ्या आंगावर वजन घेतलं तं खरंच काही फाटन. आठ दिवस नुसतं चालायचं."

"अवं, पण मी बोललो ना सगळ्यायसमोर!" मामा म्हणाले. "अन् लोकायचं जाऊ दे. उद्यापासून तू नाही ना इथं. मंग मी कोणाले उचलू?"

निकितानं खोचलेला पदर सोडला. तेवढ्यात गुरुजींचा आवाज स्पीकरवरून आला, "मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!"

मामा निकिताचा दंड धरून निघाले. मंडपाच्या पायरीपाशी आले अन् गुडघा वाकेना. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. फुलसावंगीचं वऱ्हाड श्वास रोखून उभं, कारण मामा उचलून आणणार, हे तिकडच्या लहान पोरालाही माहीत होतं!

अन् मग मामांच्या पायाखालची जमीन गेली. पाठीखाली एक हात, गुडघ्यांखाली एक हात, अन् मामा अधांतरी!

"निकी! अवं, सोड! लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. तुम्ही मले इतकी वर्षं उचललं, तेव्हा मी म्हटलं काय सोडा म्हणून? मानेले धरा."

मामांनी धरलं. नवरी निघाली, बांगड्या वाजवत, मंडपाच्या मधोमध, जराही न धापता. आचारी झारा घेऊन बाहेर आला अन् तसाच उभा राहिला. मामांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी वर पाहिलं. ही एवढीशी पोर! जिला खांद्यावर झोप लागायची, जिची लाळ यांच्या सदऱ्यावर वाळायची, ती! केवढी झाली, कधी झाली, अन् किती सहज चालते आहे! मामांना वाटलं, एवढं मोठं काही आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही. ते लाजायचं विसरले अन् रडू लागले, अन् या खेपेला मांड्यांचा काही संबंध नव्हता.

गुरुजींनी माईक हातात घेतला, ठेवला, परत घेतला. "बरं. भाचीनं मामांना आणलेलं आहे. अंतरपाट धरा!"

टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. लग्न लागलं, हार पडले, अक्षता उडाल्या. मामा खुर्चीत बसून होते, पाय लांब करून, राजासारखे. तेवढ्यात नवरदेव अक्षय नमस्काराला आला अन् चेहरा पाडून त्यांच्या कानाशी लागला.

"मामाजी, घरी गेल्यावर आजोबाची इच्छा हाय का मी निकिताले उचलून उंबरठ्याच्या आत न्यावं. आतापासून संध्याकाळपर्यंत काही व्यायाम करता येईन काय?"

मामांनी जावयाचे बारीक दंड पाहिले, लांबवर उभी असलेली भाची पाहिली, अन् खूप मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाईबापू, नका करू. तिलेच म्हणा, ते तुमाले नेते आत. फक्त मानेले नीट धरजा!"