दुसऱ्या थराचा नारळ

जमिनीतलं तेल आधी माणसाच्या मनात लागतं, मग जमिनीत. (जमिनीत न लागल्यास मनातलं कायम धरावं.) हळ्ळीखेडच्या अंकुशरावांच्या रानात कंपनीनं तेलासाठी बोअर मारायला घेतला, तेव्हापासून हुमनाबादच्या स्टँडवर लोक त्यांना ‘तेलवाले अप्पा’ म्हणायला लागले. तेवढ्या जोरावर त्यांच्या पोराला, पप्पूला, गुलबर्ग्याची सोयरीक चालून आली. बोअर मात्र दीड किलोमीटर खाली जाऊनही कोरडाठाक.

मग निर्णय शास्त्रावर सोपवण्यात आला. बोअरमध्ये ऐकणारं यंत्र सोडायचं, वर जमिनीवर दणका द्यायचा, अन् खालच्या थरांचा पडसाद ऐकून आणखी खोल जायचं की गाशा गुंडाळायचा ते ठरवायचं. यशाची शक्यता तज्ज्ञांच्या मते शंभरात दहा, गावाच्या मते शंभरात एकशेदहा. कंपनीनं गाशा गुंडाळला तर सोयरेही गुंडाळतील, या धास्तीनं अंकुशराव दिवसातनं चारदा बोअरवर खेटे घालू लागले.

इंजिनिअर विजयश्री मॅडमनी संपूर्ण शांतता मागितली. गावानं ती इमानानं पाळली. गिरणी बंद, डीजे बंद, अंकुशरावांच्या मंडळी कमलबाईंचं बोलणं बंद (याची नोंद तालुक्याला व्हायला हवी). पण शुभकार्य बिननारळाचं कसं करावं? दर दणक्यामागं अंकुशरावांनी बोअरच्या लोखंडी पाइपावर एकेक नारळ फोडला.

आलेखावर प्रत्येक रेघेखाली दुसरी ठसठशीत रेघ उमटली.

“अप्पा, ही दुसरी रेघ म्हणजे तुमचा नारळ आहे हो!” मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या.

“व्हय की अक्का. खाली देवाला ऐकू जायला नको का?”

मॅडमनी प्रामाणिकपणे कळवलं: दुसरा थर नारळाचा आहे, तपासणी पुन्हा घ्यावी. मुख्य कार्यालयाचं उत्तर त्याच दिवशी आलं: दुसरा थर स्पष्ट दिसल्याबद्दल अभिनंदन, खोदकाम चालू ठेवावे. (आदेशावर सही तपासणीच्या आधीची होती. खोदायच्या यंत्राचा वर्षभराचा भाडेकरार आधीच होऊन बसला होता.)

अंकुशरावांना आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी लगोलग मंगल कार्यालय ठरवलं, बस्ता बांधला, जेवणाला आचारी सांगितला, अन् मग रीतसर पप्पूची अन् नवरीची पत्रिका जुळवायला दिली. पत्रिका जुळल्या न्हाईत. म्हणून गुरुजी बदलले.

हसा, खुशाल हसा. फक्त तुमच्या घरच्या लग्नात पत्रिका आधी जुळली होती का कार्यालय आधी ठरलं होतं, तेवढं एकदा आठवून हसा.