किसनमामांची गळकी फटफटी

जालन्यात कुणी सकाळी उठून तळहात पाहतो, कुणी देवाची तसबीर. किसन मिस्त्री उठले की जमिनीवर पालथे पडून फटफटीच्या पोटाखाली पाहायचे. चूळ नाही, चहा नाही, आधी पोट. फटफटीखाली एक कागद अंथरलेला असे आणि त्यावर रात्रीतून तेलाचे काळे थेंब पडलेले असत. ते मोजून मिस्त्री म्हणायचे, "नऊ." मग उठून दिवसभर नऊ थेंबांचं तोंड करून वावरायचे. पाचाच्या दिवशी हाक मारली तर ओ मिळायची. बारा झाले की आळीतली मांजरंसुद्धा दुसऱ्या वाटेनं जात.

तो कागद कसला आहे हे मला दिसलं तेव्हा माझं डोकं सणकलं. ते माझं पत्रक होतं. मी लिहिलेलं, वऱ्हाडात छापून घेतलेलं, भोकरदनच्या बाजूनं कडब्याच्या गाडीत दडवून आणलेलं. सगळा देश स्वतंत्र झाला आणि आम्ही संस्थानातले लोक अजून मुजरे घालतो आहोत, याचा सगळा संताप मी त्यात ओतला होता. आणि मिस्त्रींनी तो पालथा करून फटफटीखाली घातला होता.

"मामा, हे वाचायला दिलं होतं," मी म्हणालो.

"कोरी बाजू चांगली हाय," मामा म्हणाले. "लिवलेल्या बाजूवर थेंब नीट दिसत न्हाई."

पन्नाशी उलटलेला हा माणूस. कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळता सांभाळता पट्ट्यात पाय सापडला, तेव्हापासून डावा पाय आखडलेला. मालकानं एक धोतरजोडी दिली आणि घरी पाठवलं. यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिणार होतो. मामा म्हणाले, लिही, पण धोतर चांगलं होतं तेबी लिही. घरात एक खाट, एक चूल आणि मधोमध फटफटी. पाहुणा आला तर त्यानं चुलीजवळ बसायचं. फटफटी हलायची नाही.

ती जिनिंगच्याच एका गोऱ्या इंजिनियरनं विलायतेला जाताना टाकून दिलेली. जाताना तो म्हणाला म्हणे, ही जातच गळकी आहे, जिचं गळणं थांबेल तिच्यातलं तेल संपलं असं समजा. साहेबाचं हे वाक्य सगळ्या जालन्यानं वेदवाक्य मानलं. मामांनी मानलं नाही. साहेबाची गळत असेल, आपली गळणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मला तर वाटलं की गोऱ्याचा शब्द खोटा पाडायला निघालेला हा आमचा पहिला सत्याग्रही. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पाना दे."

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सदा असे. कुणी पंप दुरुस्तीला आणून संध्याकाळपर्यंत मागितला, कुणी शिवणयंत्र जल्दी द्या म्हणालं, तर मान वर न करता म्हणत, "घाई आसंल तर बैलगाडी हाय." शिवणयंत्र घेऊन आलेल्या बाईला बैलगाडीचा काय उपयोग, हे कुणी विचारत नसे.

मला मात्र घाई होती. ती का, हे उघड सांगतो.

आमच्या पत्रकांना पाय नव्हते. पोलिसांचं लक्ष टांग्यांवर, मोटारींवर. मामांची फटफटी मात्र सगळ्यांच्या ओळखीची, दुरुस्तीचे सुटे भाग पोचवणारी, म्हणून तिला कुणी अडवत नसे. म्हणून ती मी मागून घेऊ लागलो. मामांना राजकारणात रस शून्य. ते देत, कारण लांब पल्ल्यावर ती कुठून गळते ते त्यांना पाहायचं होतं. अशा एका फेरीत मी अंबडच्या अलीकडे एका वाडीवर गुरुजींच्या घरी गठ्ठा टाकला. गुरुजी म्हणजे साठीचा, खोकणारा, पोरांना पाढे शिकवणारा माणूस. फटफटी त्यांच्या दारात घटकाभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा अमीन धुळीतले काळे थेंब बघत बघत सडकेवरून वाडीत आला, वाडीतून गुरुजींच्या दारात. दारात तेलाचं चांगलं ताटाएवढं डबकं. गुरुजी कोठडीत गेले; जालन्याकडचे थेंब बैलगाड्यांच्या चाकांखाली पुसले गेले होते, म्हणून आमचं दार वाचलं.

मी मामांना हे सांगितलं. मी अमीनाला शिव्या देत होतो. त्या रात्रीपासून मामांनी फटफटीखाली कागद अंथरायला सुरुवात केली.

असे दोन महिने गेले. पुढच्या बाजाराला घनसावंगीत पत्रकं वाटायचीच, असं आमचं ठरलं होतं. गठ्ठा मामांच्याच घरात ज्वारीच्या कणगीत होता. हातात पाच दिवस. मी म्हणालो, थेंब पडले तर पडले, मी कुठं थांबणारच नाही. मामांनी प्लग काढून खिशात घातला आणि झोपायला गेले.

मग सुरू झालं ते असं. मामांनी आधी सगळं इंजिन घासलेटनं धुतलं, इतकं की ते नवरदेवासारखं दिसू लागलं. मग कणगीतून ज्वारी काढली, शेजारच्या रुकय्याबीकडून दळून आणली, पीठ फडक्यातून गाळलं आणि इंजिनावर भुरभुरवलं. रुकय्याबी भिंतीवरून बघत होती. ज्वारी सोन्याच्या भावानं मिळते अन् हा लोखंडाला पीठ चारतोय, अशानंच याला कुणी बायको दिली नाही, असं ती आळीला ऐकू जाईल असं म्हणाली. मामा म्हणाले, बायको पीठ खाते, सांगत काहीच न्हाई. ही बघ, सांगेल. फटफटी चालू केली, घटकाभर तशीच धडधडू दिली. हळूहळू पिठावर एक काळी रेघ उमटली. इंजिनाच्या उजव्या कुशीला जे झाकण असतं, त्याच्या खालच्या काठाला.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाची चकती असते. जुनी कुजली होती. नवीन हवी. मी उत्साहानं आमचं पत्रक पुढे केलं. म्हटलं, जनतेचा आवाज इंजिनातही जाऊ द्या. मामांनी ते तेलात बुडवून वर धरलं. पत्रक भिजल्या पापडासारखं लोंबलं.

"तुझा कागद तेल पेतो," मामा म्हणाले. "जाड पायजे. घट्ट पायजे."

तीन दिवस मी जालन्यात जाड कागद शोधत हिंडलो. दुकानदारांकडे पुडीचा कागद, शाळेत पाटीचा पुठ्ठा. पुठ्ठा फार जाड, पुडीचा फार पातळ. शेवटी मामांची नजर माझ्या खिशातून डोकावणाऱ्या एका कागदावर गेली. अदालतीचं समन्स. सभाबंदी मोडल्याबद्दल मला हजर व्हायला सांगणारं, उर्दूत, मोहोर मारलेलं. मामांनी ते दोन बोटांत चोळलं, कानाशी धरून वाजवलं.

"याला म्हन्तेत कागद," ते म्हणाले.

माझा जीव जळला. माझी पत्रकं लोंबतात आणि हुजुरांची समन्सं खणखणीत वाजतात! पण काय करता. मामांनी समन्स झाकणावर ठेवलं आणि गोल डोक्याच्या हातोडीनं काठाकाठानं टकटक करत गेले. झाकणाच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता, भोकांसुद्धा. वर जवसाचं तेल चोळलं. मग बाहेर कुणीतरी पंप घेऊन आला म्हणून ते उठले आणि मला म्हणाले, हात लावू नको.

मी लावला. बाजाराला एक दिवस उरला होता. बसवलं झाकण, घेतला पाना, पहिला नट असा आवळला की तो पुन्हा जन्मात सुटू नये. आवळतो तर झाकण एका बाजूनं बसलं, दुसऱ्या बाजूनं वर उठलं आणि समन्साची चकती मधोमध फाटली.

मामा परत आले, बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे नट सोडवला. चकती कापून समन्साचा अर्धा भाग उरला होता. तो झाकणावर ठेवून पाहिला. जेमतेम पुरत होता.

"एकाच्याच उरावर बसलास," ते म्हणाले. "हा थोडा, मंग समोरचा थोडा. मंग हा. समद्यांस्नी बराबर."

मला यात फार मोठा अर्थ दिसला. मी तोंड उघडलं.

"हे भाषनात घालू नको," मामा म्हणाले. "पाना दे."

दुसरी चकती कापली, तेल लावलं, झाकण बसवलं. नट सहा. मामा एकेकाला पाव फेरा देत गोल गोल फिरत राहिले, दुपार कलली तरी. दुसऱ्या सकाळी पालथे पडले. कागद कोरा. मामा किती तरी वेळ तसेच पडून राहिले. मला वाटलं, कमरेत उसण भरली. मग त्यांनी खिशातून प्लग काढून दिला आणि दुपारपर्यंत परत ये म्हणाले.

मी घनसावंगीत गठ्ठा वाटला. भर बाजारात, गुळाच्या ढेपांआडून, हातोहात. आयुष्यात इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं. पण परतीला नाक्यावर झडती सुरू झाल्याची खबर आली आणि ओळखीच्या शेतकऱ्यानं मला फटफटीसकट उसात घातलं. दुपारचा शब्द गेला. तो दिवस गेला, पुढचा दिवस गेला. अमीन दोनदा त्या रस्त्यावरून गेला. उसाकडे वळावं असं त्याला धुळीत काहीच दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी, ऊन चढता चढता, मी अंबड ओलांडून जालन्याकडे निघालो. जालना चार कोसांवर राहिलं असताना, ओढ्याच्या अलीकडे, सडकेच्या मधोमध एक माणूस वाकून चाललेला दिसला. डावा पाय ओढत. हातातलं काहीतरी पडल्यासारखा धूळ न्याहाळत. मी फटफटी थांबवली.

किसनमामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी इंजिनाखाली हात घातला, मग तळवा बाहेर काढून पाहिला. कोरडा.

"एक थेंब नाही, मामा," मी छाती फुगवून म्हणालो.

"ठावं हाय," ते म्हणाले. "परवा कोसभर आल्तो. काल दोन कोस. रस्ता बघून राह्यलो. एक थेंब न्हाई."

"मग त्या पायानं एवढ्या लांब कशाला आलात? बरोबर झालं ना काम?"

मामा सडकेच्या कडेला दगडावर बसले. मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"थेंब असता," ते म्हणाले, "तर कळलं तरी असतं, कुठवर जित्ता गेलास."

मला पत्रकं लिहिता येतात. अमीनाला, अदालतीला, प्रत्यक्ष हुजुरांना मी जाब विचारलेला आहे. त्या दगडापाशी मी फक्त मागची बैठक हातानं पुसली. मागं बसा, एवढंच म्हणालो.

स्वतःच्या फटफटीवर मामा मागं कधी बसले नव्हते. आखडलेला पाय कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मी खाली उतरून तो नीट ठेवला. मग निघालो. वाटेत त्यांनी इंजिनाच्या आवाजात दोन चुका काढल्या आणि माझ्या चालवण्यात पाच. पण माझा खांदा त्यांनी धरला होता तो, जालन्याची वेस आली, आळी आली, रुकय्याबीनं भिंतीवरून पाहिलं, तरी सोडला नाही.