मढ्याचा डावा डोळा

"उद्या मला मागणी घालायला आलास की बाबांसमोर सिनेमाचा विषय काढू नकोस," सुहैर म्हणाली, तेव्हा रिफअत सरकारी छापखान्यात गव्हाच्या भावाचं पत्रक तपासत होता. हातातली लाल पेन्सिल खाली न ठेवताच त्याने विचारलं, "का?"

"ते काढतीलच. पण तू नको काढूस. ते एका सिनेमात होते."

"कुठल्या?"

"'कालव्याकाठची विधवा'. त्यातलं मढं बाबांचं आहे," असं म्हणून ती लाजून जुळणी विभागाचा जिना चढून गेली.

पत्रकात त्यानंतरच्या सात चुका तशाच राहिल्या आणि कैरोत गहू एक दिवस फुकट झाला. पण रिफअतला त्याचं भान नव्हतं.

त्याचं असं होतं की रिफअत पोटासाठी छपाईच्या चुका काढायचा आणि हौसेसाठी सिनेमाच्या. 'ससाण्याचा डोळा' या टोपणनावाने त्याने फोनवर एक पान चालवलं होतं. राजवाड्याच्या भिंतीवर दिसलेला विजेचा खटका, घोड्यावर बसलेल्या सुलतानाच्या मनगटावरचं घड्याळाचा गोरा वळ, असलं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. चाळीस हजार लोक ते पान वाचायचे. आणि गेल्या वर्षी सगळ्यात गाजलं होतं ते 'कालव्याकाठची विधवा'मधलं मढं. चादरीखालून अर्धा चेहरा बाहेर, आजूबाजूला बायकांचा आक्रोश, आणि मढ्याचा डावा डोळा स्वच्छ मिचकावतोय! रिफअतने त्या डोळ्याभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं होतं, 'बायांनो, रडणं थांबवा आणि वैद्याला बोलवा, पेशंट अजून हातात आहे.' ते चित्र घरोघरी फिरलं. त्या मढ्याला घरदार असेल, लग्नाची मुलगी असेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आणि या मढ्याचा, म्हणजे सुहैरच्या बाबांचा, हाजी दसूकींचा, सैय्यदा झैनब भागात खाटकाचा धंदा होता.

संध्याकाळी कहवाखान्यात त्याने लुत्फीमामांना आणि दातांचे डॉक्टर जिर्गिस यांना सगळं सांगितलं. दर गुरुवारी याच टेबलावर सिनेमांची कत्तल चालायची. लुत्फीमामांनी हुक्क्याची नळी तोंडातून काढली.

"मुळात तो सिनेमाच उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय. अर्धा वेळ सगळे नुसते पाण्याकडे बघत बसतात. तीन तास पाणी बघायचं तर मी नाईलवर जाऊन शेंगदाणे नाही का खाणार?"

"तुम्हाला कळलाच नाही तो सिनेमा," जिर्गिस म्हणाले.

"तुम्ही बोलू नका! नर्तकी झांजा मारून बारा गुंडांना लोळवते, तो सिनेमा तुम्ही दवाखान्याचं दार लावून अकरा वेळा बघितलात."

"बारा. पण चोरून बघितला. मोठा आहे असं म्हटलं नाही."

"मामा," रिफअत रडकुंडीला आला, "उद्या मुलीचा बाप माझी खांडोळी करेल, आणि तुम्ही काय बोलताय! उद्या वडीलधारे म्हणून तुम्हीच येणार आहात. त्या घरात सिनेमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"अरे लेका, माझं तोंड म्हणजे कबर आहे," मामा म्हणाले. ते ऐकून रिफअतला जास्तच भीती वाटली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर दोघं बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या मिठाईचा, मोठा डबा घेऊन निघाले. घर दुकानाच्या वरच होतं. शुक्रवार असूनही दुकान उघडं होतं आणि दारात हाजी स्वतः उभे होते. माणूस दरवाजाएवढा. उजव्या कानाच्या पाळीचा तुकडा लहानपणीच सुरी निसटून गेला होता. हातात सत्तूर.

"या, या! एवढं एक गिऱ्हाईक करतो आणि वर जाऊ," असं म्हणून त्यांनी मटणाची एक नळी एका घावात दोन केली. रिफअतने दोन्ही हातांनी बसबूसाचा डबा छातीशी धरला.

मामांची नजर भिंतीवर गेली आणि कबरीचं दार उघडलं. "अरे वा, हाजीसाहेब! हा डोळा तर प्रसिद्ध आहे!"

आरशाशेजारी, चौकटीत, काचेखाली, तेच चित्र होतं. लाल गोलासकट.

"हो ना," हाजी म्हणाले. "ससाणा म्हणे कोणी. वर्षभर शोधतोय त्याला."

"सापडला तर?" मामांनी विचारलं. रिफअतने त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"सापडला तर?" हाजींनी सत्तूर ओंडक्यात रुतवला. "सोडत नाही मी त्याला."

रिफअत जिना कसा चढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. वर गेल्या गेल्या त्याने हात धुवायचं निमित्त काढलं, न्हाणीघराची कडी लावली आणि खिशातून फोन काढला. सुहैर त्याला मनापासून आवडत होती. तीन वर्षं तो तिच्या जुळणीतल्या चुका मुद्दाम स्वतः वर नेऊन द्यायचा, आणि ती मुद्दाम दोन-चार ठेवायची. ती मिळणार नसेल तर चाळीस हजार वाचक काय चाटायचेत? 'पान कायमचं पुसायचं?' फोनने विचारलं. त्याने होय म्हटलं. 'खात्री आहे?' फोनने पुन्हा विचारलं. डोळे मिटून त्याने दुसऱ्यांदा होय म्हटलं. चार वर्षांचा ससाणा एका बोटाने मेला. रिफअतने तोंडावर पाणी मारलं आणि तो बाहेर आला.

बैठकीत सुहैरची आई नबविया बसल्या होत्या, आणि दूरदर्शन संचाखालच्या यंत्रात हाजी सीडी घालत होते.

"आमच्या घरची एक रीत आहे," हाजी म्हणाले. "मुलगी मागायला येणाऱ्याने आधी हा सिनेमा बघायचा. सरबत नंतर."

दाराआड सुहैर सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. गुलाबी सरबत आलं की होकार समजायचा, मग सगळ्यांनी हात उघडून फातिहा ही प्रार्थना वाचायची आणि शब्द पक्का व्हायचा. रिफअतपासून ते सरबत आठ पावलांवर होतं. मधे फक्त एक मढं होतं.

सिनेमा सुरू झाला. लोक पाण्याकडे बघू लागले. लुत्फीमामांनी मोठा सुस्कारा सोडला आणि कोणी काही बोलण्याआधीच त्याचा खोकला केला. मग आक्रोश सुरू झाला, चादर दिसली, अर्धा चेहरा दिसला. हाजी पडद्याकडे बघतच नव्हते. ते रिफअतकडे बघत होते. पडद्यावर मढ्याने डोळा मिचकावला.

"काही दिसलं?" हाजींनी हळूच विचारलं.

रिफअतने जोरजोरात मान हलवली. "नाही, हाजीसाहेब. काहीच नाही. अगदी मेलेला माणूस. इतका मेलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

हाजींचा चेहरा पडला. त्यांनी सिनेमा थांबवला आणि दाराकडे वळून म्हणाले, "सुहैर, सरबत परत ने. चहा आण."

ट्रेवरचे पेले खणखणले. चहाचा अर्थ तिथल्या मांजरालाही कळला असता.

"हाजीसाहेब, माझं काही चुकलं का?" रिफअतला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"बाळा, हे सिनेमावाले नावांच्या पाटीवर माझं नाव टाकायला विसरले. चाळीस वर्षं मी सांगतोय की ते मढं माझं, आणि लोक म्हणतात, चादरीखाली कोणीही असेल. मग तो ससाणा आला आणि त्याने माझा डोळा जगाला दाखवला. आता लोक गिझाहून मटण घ्यायला येतात आणि म्हणतात, हाजी, एकदा मिचकावून दाखवा. वर्षभर शोधतोय मी त्याला. सापडला तर जेवू घातल्याशिवाय सोडणार नाही." हाजींनी रुमालाने नाक पुसलं. "आणि तू म्हणतोस काही दिसलं नाही. तुला दिसत नसेल तर तू आंधळा. दिसूनही सांगत नसशील तर खोटारडा. यातल्या कोणाला मुलगी देऊ?"

रिफअत ताडकन उठला. "तो मीच! ससाणा मीच, काका!"

"हाच तो!" मामाही उठले. "माझा भाचा! लाल गोल यानेच काढला, माझ्यासमोर!"

हाजी खिन्न हसले. "हे म्हणणारे आजवर पाच जण येऊन गेले. एकाने तर दोन किलो खिमाही नेला. ठीक आहे, दाखव ते पान."

रिफअतने फोन काढला, आणि त्याला आठवलं. "पुसलं," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या न्हाणीघरात."

"चहा कडक कर गं," हाजी आतल्या दिशेने म्हणाले.

आतून हुंदका ऐकू आला. तो हुंदका ऐकल्यावर मात्र रिफअतची भीती कुठल्या कुठे गेली, किंवा ती इतकी वाढली की तिला आणखी वाढायला जागाच उरली नाही. तो संचासमोर जाऊन उभा राहिला.

"लावा सिनेमा. पहिल्यापासून. पळवत न्या. एकेक चूक येण्याआधी सांगतो."

हाजींनी खांदे उडवले आणि सिनेमा लावला.

"आता गाढव येईल. पुलाच्या अलीकडे कान पांढरे, पलीकडे काळे." गाढव आलं. पूल ओलांडताना कान बदलले. "आता म्हातारी भाकरी देईल. तिच्या मागे भिंतीवर सावली, सावलीला टोपी. तो छायाचित्रकार." सावली आली, टोपीसह. "आता विधवा दार उघडेल, दार बाहेर उघडतं. पुढच्याच क्षणी आत."

"बाहेर... आत," नबविया पुटपुटल्या. त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली होती.

"आता मढं. बाई तिसरी किंकाळी फोडते, आणि त्यावर डावा डोळा!"

किंकाळी. डोळा. हाजी उठून उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तूच रे! तूच तो!" त्यांनी हात पसरले. "सुहैर, चहा ओत मोरीत! सरबत आण!"

पण सिनेमा चालूच होता, आणि रिफअत एकदा सुटला की थांबणारा नव्हता. पडद्यावर पुढचं दृश्य आलं. विधवा वाकून मृत नवऱ्याच्या कपाळावर ओठ टेकवत होती.

नबवियांनी सवयीने तोंड फिरवलं. "बघवत नाही मेलीकडे. चाळीस वर्षं झाली, पण या कपाळावर तिचे ओठ आहेतच. याच्याच ईर्षेने मी लग्न केलं यांच्याशी. माझ्या चुलतभावाचं स्थळ होतं, दोन घरांचा मालक. म्हटलं नको, तिला आवडलेलं कपाळ आता माझ्याच घरात राहील."

हाजींनी मिशीवरून हात फिरवला. रिफअत मात्र पडद्याला नाक लावून बघत होता. मढ्याचा कपाळाखालचा चेहरा चादरीत होता, पण उजवा कान बाहेर होता. धडधाकट, पाळीसकट. त्याने वळून हाजींच्या तुटक्या पाळीच्या कानाकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. ही चूक ससाण्याच्याही नजरेतून सुटली होती. त्याचा चेहरा आनंदाने फुलला.

"आणि हाजीसाहेब, सगळ्यात मोठी चूक तर इथेच आहे! हा कान बघा, हा तर—"

एवढ्या वर्षांत हाजींच्या तोंडावरचा रंग कोणी असा उडालेला पाहिला नसेल. दरवाजाएवढा माणूस एका ढांगेत पुढे आला आणि त्याने रिफअतला असं छातीशी कवटाळलं की उरलेलं वाक्य हाजींच्या सदऱ्यातच राहिलं.

"फातिहा!" हाजी ओरडले. "फातिहा वाचा! लगेच! लुत्फीभाई, हात उघडा! नबविया, बघतेस काय, हात उघड!"

"अहो, सरबत तरी येऊ द्या," नबविया म्हणाल्या.

"सरबत नंतर! शुभ काम खोळंबू नये!"

सगळ्यांनी हात उघडले. फातिहा इतक्या घाईने वाचली गेली की मामा अजून मध्यावर होते तोवर हाजींनी तोंडावरून हात फिरवून संपवलीसुद्धा. नबवियांनी जीभ हलवत आनंदाची लांब ललकारी दिली, खालच्या गल्लीतून दोन-तीन बायकांनी तिला साथ दिली, आणि सुहैर रडत-हसत सरबत घेऊन आली.

त्या गलक्यात हाजी रिफअतच्या कानाशी वाकले.

"डोळा मिचकावला म्हणून त्याच दिवशी हाकललं रे मला. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी कोणी भलताच झोपवला, ते ओठ त्याच्या कपाळावरचे. हिला ठाऊक नाही. तू काय बघितलंस त्या कानात?"

रिफअतने समोर पाहिलं. सुहैर पेला पुढे करत होती. त्याने सरबताचा एक मोठा घोट घेतला.

"कसला कान, काका?" तो म्हणाला. "मला तर काहीच दिसलं नाही."

"शाबास," हाजी म्हणाले आणि त्यांनी सीडी काढून खिशात टाकली.