तात्यांच्या जीपची वाटणी

तात्या गेल्यावर त्यांच्या जीपचे सहा गिअर तिघा भावंडांत वाटले गेले, आणि न्यूट्रल माझ्या नावावर लागलं.

तात्या म्हणजे माझे आजोबा. नांगरदरा घाटात त्यांनी एकतीस वर्षं प्रवासी जीप चालवली. आमच्या तालुक्यात जमिनीसारखी गिअरांचीही वाटणी होते. हाताने गिअर टाकायची गाडी असेल, तर मालकामागे तिचा एकेक गिअर वारसांच्या नावावर चढतो, आणि मग तो दुसऱ्या कुणाच्या हाताने पडत नाही. कितीही जोर लावा, दांडा हलत नाही. ऑटोमॅटिक गाडीची वाटणी होत नाही, ती अख्खी एकाच वारसाला जाते. म्हणून बऱ्याच घरांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या आहेत. त्या घरांत भांडणं कमी असतात, असं ऐकलं आहे.

वाटणी झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मोठ्या काकांनी पहिला आणि दुसरा गिअर घेतला, कारण पहिल्यावर थोरल्याचा हक्क असतो. बाबांना तिसरा आणि चौथा मिळाला. पाचवा आणि रिव्हर्स कुमुदआत्याच्या वाट्याला आले.

"साडीचोळी घे आणि हक्कसोडपत्रावर सही कर," मोठे काका तिला म्हणाले. "तुला गिअर कशाला हवेत? तुझ्या सासरी दोन स्कूटर आहेत."

"साड्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, दादा," आत्या म्हणाली. "गिअर नाहीत."

"सगळ्या बहिणी सही करतात."

"मग त्यांचे गिअर घे."

तिने सही केली नाही. त्या दिवसापासून ती दोघं बोलली नाहीत. क्लच सामाईक ठेवला, विहिरीसारखा: कुणीही दाबावा, कुणी अडवू नये. स्टिअरिंग आणि ब्रेक वाटत नाहीत, ज्याच्याकडे लायसन असेल तो तिथे बसतो. कागद मिटता मिटता तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, "आणि न्यूट्रलचं काय?"

"तो काय गिअर आहे?" मोठे काका म्हणाले.

"गिअर नसला तरी जागा आहे. नावावर लावली नाही, तर बेवारस म्हणून सरकारजमा होईल."

कुणालाच ते नको होतं. मग काकांनी हाताने दाराकडे खूण केली. "त्या दारामागच्या पोरीच्या नावावर लावा."

दारामागे मी होते. भाऊसाहेबांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी इतक्या हळू सांगितलं की बाबांना ते पुन्हा सांगावं लागलं. शर्वरी मधुकर आयरे, न्यूट्रल, संपूर्ण.

पुढे चार वर्षं जीप पडवीशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. काका आणि आत्या एका गाडीत बसणार नव्हते, आणि एकाच्या गिअरांवर गाडी कुठेच जात नाही. बाबा दर रविवारी बॉनेट उघडून तेलपाणी बघत आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवत. मी शाळेतून आल्यावर जीपमध्ये जाऊन बसायचे. दांडा न्यूट्रलमध्येच होता, म्हणजे तो माझ्या हातात यायचा. पुढे किंवा मागे ढकलला की भिंत लागल्यासारखा थांबायचा, पण मधल्यामध्ये डावीकडे, उजवीकडे अगदी मोकळा हलायचा. तेवढी वीतभर जागा माझी होती. जगात माझ्या नावावर दुसरं काहीच नव्हतं, आणि मला अजून काही हवं आहे असं वाटतही नव्हतं.

यंदा मार्चमध्ये नोटीस आली. सदर वाहन चार वर्षं न चालल्यामुळे, ज्येष्ठ वारस प्रभाकर आयरे यांच्या अर्जानुसार, त्याचे सर्व गिअर एकत्र करून ते स्वयंचलित करण्यात येईल व अर्जदाराच्या नावे लावण्यात येईल. हरकत असल्यास सर्व गिअरधारकांनी मिळून निरीक्षकासमोर ते घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत नेऊन दाखवावे. वाटेत वाहन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबल्यास हरकत फेटाळली जाईल.

प्रभाकर आयरे म्हणजे मोठे काका.

बाबांनी नोटीस दोनदा वाचली. "मग न्यूट्रल?" मी विचारलं.

"ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल म्हणजे नुसतं एक अक्षर असतं," बाबा म्हणाले.

अक्षर धरता येत नाही. मी त्या रात्री जेवले नाही, आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी आत्याला फोन केला.

चाचणीच्या सकाळी सगळे पायथ्याच्या नाक्यावर जमले. कचेरीकडून निरीक्षक हळबे आले होते. त्यांच्याकडे एक रजिस्टर आणि एक थर्मास होता. मोठे काका स्वतःच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीतून आले. हजर राहिलं नाही तर गिअर जप्त होतो, म्हणूनच आलोय, असं त्यांनी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं.

"कशी आहे नवी गाडी?" हळबे साहेबांनी विचारलं.

"उत्तम. सगळं आपलं आपण करते." काकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "मला काही विचारत नाही."

बाबा स्टिअरिंगवर बसले. मी मधे, दांड्याजवळ. माझ्या डावीकडे काका. मागच्या बाकावर आत्या आणि हळबे साहेब. आत्या केस घट्ट बांधून आली होती.

"शर्वरी, तुझ्या काकांना सांग, खांदा थोडा सरकवा. मला हात पुढे आणायला जागा हवी."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी खांदा सरकवला.

बाबांनी इंजिन चालू केलं आणि क्लच दाबला. गाडी न्यूट्रलमध्ये होती, तेव्हा आधी मीच दांडा पहिल्याच्या तोंडाशी नेला. मग काकांनी त्यावर हात ठेवला आणि पुढे ढकलला. खट्. तो आवाज कानाने ऐकला असं म्हणता येणार नाही. तो गुडघ्यातून आणि बाकातून आत आला. बाबांनी क्लच सोडत आणला तशी जीप एकदा थरथरली आणि तिने चढ पकडला. तीन माणसं, एक मुलगी, एक निरीक्षक आणि थर्मास एवढं सगळं त्या एका गिअरने उचललं. काका आपल्या हाताकडे बघत होते.

"दुसरा," बाबा म्हणाले.

काकांनी दांडा ओढला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी जोर लावला, कपाळावर शीर दिसली, दांडा हलला नाही. गाडीचा वेग पडायला लागला.

"काय झालं?" बाबा ओरडले.

"तुमची हद्द संपली," मागून हळबे साहेब शांतपणे म्हणाले. "मधे न्यूट्रल आहे."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांच्या हाताखाली हात घातला आणि दांडा माझ्या जागेतून पार नेला, तेव्हा तो त्यांना दुसऱ्यात टाकता आला. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना न्यूट्रल लागतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना लागतं. कुठल्याही गिअरमधून कुठल्याही गिअरमध्ये जाताना लागतंच. वाटणीच्या दिवशी हे चारचौघांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि चार वर्षं दांडा धरून बसूनही माझ्याही आलं नव्हतं.

त्यानंतर आमची लय लागली. काका सोडायचे, मी न्यायचे, बाबा घ्यायचे. सरळ चढाला तिसरा, वळण आलं की पुन्हा दुसरा. प्रत्येक वेळी माझ्या हातात आल्यावर क्षणभर इंजिन सुटं व्हायचं, कशालाच बांधलेलं नसायचं, आणि तरी गाडी पुढे जातच असायची. मी श्वास धरायचे. इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान जागेतून जाते, याचा मला फार अचंबा वाटत होता.

अकराव्या वळणावर वरून एसटी आली.

घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची पद्धत आहे. पण वळण अरुंद होतं, एसटीच्या मागे सहा गाड्या होत्या, आणि आमच्या मागे शंभर पावलांवर रस्ता रुंद होता. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"मागे घ्या की! एका दांड्याला किती हात लावलेत? सत्यनारायण घातलाय का?"

बाबांनी ब्रेक दाबून धरला. "ताई, रिव्हर्स."

मी दांडा न्यूट्रलमध्ये आणून ठेवला. आत्याचा हात पुढे आला नाही.

"ताई?"

"गिअर माझा आहे," आत्या म्हणाली. "मालकाला विचारायची पद्धत असते."

"विचारतोय ना मी."

"तू नाही, मधू. ज्याने सही मागितली होती, त्याने."

हळबे साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. काका समोरच्या एसटीच्या नंबरप्लेटकडे बघत बसले. मला सगळं दिसत होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. दहा मिनिटं गप्प बसले की जीप त्यांची होणार होती, अख्खी, सहाही गिअरांची. गप्प बसणं किती सोपं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

एसटीने हॉर्न दिला. मागच्या गाड्यांनीही दिले. बाबांचा पाय ब्रेकवर कापायला लागला होता.

"चार मिनिटं," हळबे साहेब म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "सात."

मी दांडा धरून होते. इंजिनाची थरथर माझ्या तळहातातून कोपरापर्यंत येत होती. काकांचा हात बाकावर होता, दांड्यापासून चार बोटं लांब, आणि त्या हाताची बोटं इंजिनाच्या तालावर हलत होती. हे त्यांना कळत नसावं.

"काका," मी म्हणाले. मी त्यांना आपणहून मारलेली ती बहुधा पहिलीच हाक. "ही गाडी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढेच तोंड ठेवून म्हणाले, "कुमे. टाक."

"काय टाकू?"

"रिव्हर्स."

"कुणाचा?"

हळबे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुझा गो," काका म्हणाले. "तुझा गिअर. टाक आता, मधूचा पाय गेला."

आत्याचा हात काकांच्या खांद्यावरून आला. मी दांडा तिच्या हाती दिला आणि तिने तो अलगद टाकला, पहिल्यांदाच, तरी रोज टाकत असल्यासारखा. मागे मान वळवून ती बाबांना सांगत राहिली, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे दगड आहे, बस." जीप शंभर पावलं उलटी उतरली. एसटी शेजारून गेली तेव्हा ड्रायव्हरने आमच्या आत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. तो थट्टेने केला की खरा, ते मला ओळखता आलं नाही.

पुढची नऊ वळणं एकामागून एक गिअर पडत राहिले. माथ्यावरचा दगड मागे पडला तेव्हा हळबे साहेब म्हणाले, "झालं. इथे थांबलात तरी चालेल."

बाबा थांबले नाहीत. समोर पठारावर सपाट रस्ता होता, दोन्हीकडे नुसतं वाळलेलं गवत. तिसरा. चौथा. मग आत्याने काही न विचारता हात पुढे आणला. मी दांडा मधे आणला, आणि खोटं कशाला सांगू, गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला. मग पाचवा पडला. इंजिनाचा आवाज खाली गेला, खोल आणि सावकाश, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या श्वासासारखा. तात्या घाटातच वरखाली करायचे, त्यांना पाचवा कधी लागलाच नसेल. आत्याने डोळे मिटले होते. काकांनी काच खाली केली.

चहाच्या टपरीशी आम्ही थांबलो. मी दांडा न्यूट्रलमध्ये आणला आणि बाबांनी हँडब्रेक ओढला. चहा आला. हळबे साहेबांनी मात्र स्वतःच्या थर्मासमधलाच घेतला.

"हरकत मान्य," ते रजिस्टरमध्ये लिहीत म्हणाले. "पण एकत्रीकरणाचा अर्ज अर्जदाराने मागे घ्यावा लागतो. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी. काय करता, आयरे? सावकाश सांगितलंत तरी चालेल."

काकांनी बशीतला चहा संपवला. ते टपरीच्या पुढे जाऊन घाटाच्या तोंडाशी उभे राहिले आणि खालची वळणं बघून आले.

"उतार फार आहे," ते म्हणाले. "ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच उतरायला हवं. दुसरा लागेल."

"बाकी कुणाच्या हाताने पडत नाही तो," आत्या म्हणाली.

"ठाऊक आहे." त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, अर्जावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. मग येऊन आपल्या जागेवर बसले. आत्या मागे बसली. बाबांनी इंजिन चालू केलं, क्लच दाबला.

गाडी निघाली नाही. ती उभी होती तोवर न्यूट्रलमध्ये होती, म्हणजे संपूर्ण माझी होती, चारही चाकांसकट. सगळे वाट बघत होते आणि कुणी घाई केली नाही.

काकांनी तळहात माझ्यासमोर उघडा धरला.

"दे गो," ते म्हणाले.

मी दिला.