बिअरच्या मुळाशी मूळराव

“बिअर या शब्दाचं मूळ मी शोधून दाखवतो! नाही दाखवलं, तर उद्यापासून मला मूळराव म्हणू नका!”

शब्दकोशाच्या कचेरीत टेबलावर मूठ आपटून ही घोषणा झाली आणि टेबलावरचा चहा सांडला. खरं तर मूळराव हे त्यांचं नाव नव्हतंच. कुठलाही शब्द दिसला की हे त्याच्या खापरपणजोबांची चौकशी करत सुटायचे, म्हणून कचेरीनं त्यांना ते नाव ठेवलं होतं. माणूसच त्यावर खूश, तिथे आपण काय बोलणार!

समोरच्या टेबलावर लॅटिनबुवा बसायचे. जगातले सगळे शब्द लॅटिनमधून आले आणि उरलेले वाटेत आहेत, असं त्यांचं ठाम मत.

“त्यात शोधायचंय काय?” ते म्हणाले. “लॅटिनमध्ये ‘बिबेरे’ म्हणजे पिणं. मठातले साधू प्यायचे, तिथून निघाली बिअर. संपला विषय!”

“अहो, पाणीही पितातच की! मग पाण्याला का नाही म्हणाले बिअर? जुन्या जर्मन बोलींत जवाला याच धाटणीचा शब्द होता. जवाची केलेली, ती बिअर!”

“आणि जिंजर बिअरमध्ये कुठे असतो हो तुमचा जव?”

हा घाव अगदी वर्मी बसला. मूळरावांचा चेहरा लालबुंद झाला.

“भांडू नका,” संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “नोंद पुढच्या महिन्यात छापायला जाईल. नियम ठाऊक आहे ना?”

नियम असा, की ज्या वस्तूबद्दल लिहायचं ती स्वतः हाताळल्याशिवाय पेन उचलायचं नाही. ‘कुलूप’ या शब्दासाठी मूळराव किल्लीवाल्याकडे जाऊन बसले होते आणि घरी येऊन त्यांनी स्वतःलाच मोरीत कोंडून घेतलं होतं. ‘चिखला’च्या वेळी तर कचेरीच्या शिपायानं त्यांना ओळखलंच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर दुकानातून एक बाटली आणून मोकळा झाला असता. पण मूळराव ते मूळराव! “बाटलीत जव दिसत नाही,” ते म्हणाले. “मी जवापासून सुरुवात करणार!”

अडचण एकच होती, आणि ती घरातच राहत होती. सासूबाई! निवृत्त मुख्याध्यापिका आणि व्यसनमुक्ती मंडळाच्या अध्यक्षा. जावयानं दुसऱ्यांदा चहा मागितला तरी त्यांच्या भुवया वर जायच्या. बिअरचा नुसता सुगावा लागला असता, तरी मूळरावांना बिऱ्हाड कचेरीत हलवावं लागलं असतं.

म्हणून त्यांनी घरी सांगितलं, “जवाचं पाणी करतोय. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात.”

“अगंबाई!” बायको हरखली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराची वाट सापडली म्हणायची!”

मूळराव इरेला पेटले. जव भिजवले, ओल्या फडक्यावर पसरून त्यांना कोंब आणले, इस्त्रीच्या टेबलावर वाळवले, भरडले, ऊन पाण्यात मुरवले, गाळून उकळले. ते निवल्यावर बेकरीवाल्याकडून आणलेलं यीस्ट त्यात घातलं आणि मोठ्या पातेल्यावर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यातून बुडबुड ऐकू येऊ लागली. मूळराव रोज त्याला कान लावून बसायचे आणि हळूच म्हणायचे, “शाब्बास!”

अशाच एका दुपारी कचेरीत बायकोचा फोन आला.

“अहो, तुमचं ते जवाचं पाणी झालं का तयार?”

“का गं?”

“आज आईच्या मंडळाची बैठक आहे ना घरी. सरबत संपलं, म्हणून आईनं तेच गाळून सगळ्यांना दिलं. बायकांना इतकं आवडलंय म्हणून सांगू!”

मूळरावांच्या तोंडचं पाणी पळालं. “किती... किती प्यायल्या?”

“दुसरं पातेलं कुठे ठेवलंय, ते विचारतायत.”

मूळराव धावत सुटले. घराच्या पायऱ्यांवरच त्यांना आतला गलका ऐकू आला. मंडळाच्या खजिनदारबाई पडद्याला धरून खुदुखुदु हसत होत्या. सचिवबाई खुर्चीवर उभ्या राहून मागच्या बैठकीचा वृत्तांत चक्क गाऊन दाखवत होत्या. आणि सासूबाई! जावयाला बघताच त्या दोन्ही हात पसरून पुढे आल्या.

“जावईबापू! तुम्ही मला कधीच आवडला नाहीत! पण आज आवडलात हो!” मग बायकांकडे वळून, “ठराव! आजपासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत हेच पेय!”

“एकमतानं मंजूर!”

आता भल्या माणसानं इथे खरं सांगून पाय धरले असते. पण मूळरावांमधला कोशकार जागा झाला.

“आई, नीट आठवून सांगा. चव कशाची लागली?”

“जवाची!” सगळ्या एका सुरात ओरडल्या.

मूळरावांना आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं. जन्मात थेंबाला न शिवलेल्या साक्षीदार, त्याही अध्यक्षांसकट! आता लॅटिनबुवा कुठे तोंड लपवतात ते बघू!

“अहो, जरा आत या.” बायको स्वयंपाकघराच्या दारात रिकामा पेला हुंगत उभी होती. “हे काय आहे?”

“जवाचं...”

“खरं सांगा!”

“बिअर. पण ज्ञानासाठी गं! शब्दाचं मूळ सापडलंय. नोंद छापून येऊ दे, आईंना अभिमानच वाटेल.”

बायकोनं पेला ओट्यावर ठेवला. “ठीक आहे. मूळ सापडलं असेल, तर मी तोंड उघडणार नाही. पण नसेल सापडलं, तर आईला तुम्ही स्वतः सांगायचं. कबूल?”

“एकदम कबूल!”

मूळरावांनी पानभर नोंद लिहिली. लॅटिनबुवांनीही हट्टानं पानभर लिहिली. संपादकबाईंनी दोन्ही वाचल्या आणि दोन्हींवर शांतपणे काट मारली.

“बाई! माझ्याकडे अख्खं मंडळ साक्षीला आहे!”

“त्यांनी जव ओळखला, शब्द नाही. तुमचं म्हणणंही पंडितांनी मांडलंय, यांचंही मांडलंय. सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही.”

कोश छापून आला. संध्याकाळी बायकोनं पान उघडून मोठ्यानं वाचलं, “बिअर, स्त्रीलिंगी. एक मादक पेय. व्युत्पत्ती अनिश्चित.” तिनं पान उलटून पाहिलं. मागे ‘बिऱ्हाड’ होतं.

“म्हणजे माझ्या आईला पाजलंत, अख्ख्या मंडळाला पाजलंत, आणि काय पाजलंत ते तुम्हालाच ठाऊक नाही?”

मूळराव हळूच दाराकडे सरकले.

“आई गं,” बायकोनं आतल्या खोलीकडे हाक मारली, “जरा बाहेर ये. यांना तुला काहीतरी सांगायचंय!”

आतून लगबगीनं आवाज आला, “आले, आले! पेला घेऊनच येते!”