कावळ्याचा खर्ज

धारवाडच्या एका संगीत सभेच्या ग्रंथालयात श्रीहरीने तीन वर्षांत सहाशे बारा कॅसेटींची सूची केली आणि सहाशे तेराव्या कॅसेटीने त्याला पाणी पाजले. तिच्यावर नावच नव्हते. सोमवारी समिती यायची होती. सूची पुरी दिसली तरच हंगामी श्रीहरी कायम होणार होता, आणि सभेचे चिटणीस बाळाचार्य यांना सूचीत ‘अज्ञात’ हा शब्द दिसला की त्यांचे पित्त खवळायचे.

कॅसेट गोदावरीअक्कांच्या खोक्यातली. देशपांडे नगरातल्या या निवृत्त शिक्षिकेने यजमानांच्या पश्चात त्यांचा सारा संग्रह सभेला देऊन टाकला होता. श्रीहरीने त्यांना बोलावून गाणे ऐकवले. अक्कांनी डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली.

“हा गडी आमच्या घरी कधी आला नाही बघ. आला असता तर चहा मीच केला असता की.”

मग बाळाचार्यांनी ऐकले आणि ते खुर्चीतच विरघळले. “काय ही सबुरी! आजच्या पोरांना एवढं सावकाश गायला जमतंय काय?” त्यांनी त्या भारदस्त आवाजावर दोन पानी लेख लिहून छापून आणला, समितीपुढेच श्रवणाची बैठक ठरवली आणि सूचीत ‘थोर गवई, नाव शोधात’ असे लिहायला लावले. गावातल्या रसिकांपैकी एकाने त्या आवाजात आपल्या आजोबांचे गुरू ओळखले, दुसऱ्याने थेट आजोबाच.

श्रीहरीला मात्र चैन पडेना. नोकरीची काळजी होतीच, पण आपण कुणाचा गळा कपाटात ठेवतोय हे कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नव्हते. पुन्हा पुन्हा ऐकताना त्याला गाण्यामागे एक कावळा सापडला. तो रेड्यासारखा ओरडत होता. गवई कितीही थोर असला तरी कावळ्याने का म्हणून खर्ज लावावा?

सोमवारी सकाळीच टेपरेकॉर्डर काखोटीला मारून त्याने हुबळीतले नागेशचे दुकान गाठले. नागेशने झाकण उघडून आतला रबरी पट्टा बोटावर घेतला.

“सर, हा आत्ता आत्ताच ढिला पडलाय. मशीन हळू फिरायलंय.”

नवा पट्टा बसवून, बस पकडून श्रीहरी परतला तेव्हा समिती खुर्च्यांवर होती आणि बाळाचार्यांचे प्रास्ताविक संपत आले होते. आधी वाजवून बघायला सवडच मिळाली नाही. त्याने देवाचे नाव घेऊन बटण दाबले.

थोर गवई बेपत्ता झाला आणि एक तरुण बाई चांगल्या लगबगीने गाऊ लागली. मागे कावळा कावळ्यासारखा ओरडला. बाळाचार्यांनी लेखाची घडी करून खिशात घातली.

पहिल्या रांगेत गोदावरीअक्कांनी पदर तोंडाला लावला होता. “अय्या, ही तर मी. लग्न झालं त्या सालची. ह्यांनी चोरून भरून ठेवलंय, मला पत्ताच नाही.” त्यांचे डोळे भरून आले.

समितीच्या शांताबाईंनी सूची मागितली. श्रीहरीने ‘थोर गवई’ खोडून ‘गोदावरी’ लिहिले, सूची पुरी झाली आणि तो कायम झाला. आवाज घरगुती असल्याचा संशय आपल्याला आधीपासूनच होता, असे बाळाचार्य चहाच्या वेळी सांगत होते.

निघताना अक्कांनी श्रीहरीला बाजूला घेतले.

“तो जुना पट्टा टाकून दिलास काय रे?”

“खिशात आहे, अक्का. का?”

“जपून ठेव. नव्यावर मी नुसती बरी गाते. जुन्यावर माझ्यावर दोन पानं छापून आली.”