तोंडीच्या दिवशी मौन

पहाटे आयुषने डोळे उघडले, तेव्हा त्याच्या तोंडावर आईचा हात होता.

"बोलू नको!" जनकाबाई म्हणाली. "काल औंढ्याला नागनाथाला नवस बोलून आले मी. परीक्षा होईस्तोवर माझं लेकरू मौन पाळील. न्हाई पाळलं तं जल्मभर चहा सोडीन."

आयुष ताडकन उठून बसला. आज बारावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. गेल्या वर्षी तापामुळे ती बुडाली आणि पठ्ठ्या सहा मार्कांनी आपटला. यंदाही आपटला, तर कॉलेज बंद, असं बापाने बजावलं होतं. पण आईचा चहा? मागे एकदा दूध नासलं, तर सकाळचा एक कप हुकला म्हणून तिने म्हशीलासुद्धा सोडलं नव्हतं. जन्मभर म्हणजे घराचं वाटोळंच की!

त्याने कळवळून स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. आईने दही-साखर भरवली. त्याने चिठ्ठी लिहिली. आईला वाचता येत नव्हतं आणि बाप पहाटेच शेताला पाणी द्यायला गेला होता. शेवटी आईसोबत हिंगोलीच्या जीपमध्ये बसताना त्याने ती चिठ्ठी ड्रायव्हर अय्याजच्या हातात कोंबली.

"मावशी, परीक्षाच तोंडी हाय म्हणतो. बोलावं लागतंय," अय्याजने वाचून सांगितलं.

"मंग काल काहून सांगितलं न्हाई रे?" जनकाबाई लेकावर कडाडली.

आता काय सांगणार, कप्पाळ!

"देवाला दिलेला शब्द वापस घेता येतो का?"

"ते बी बराबर हाय," म्हणत अय्याजने जीप सुरू केली.

परीक्षेच्या खोलीत रत्नपाल सरांनी विचारलं, "टेल मी अबाउट युवर मदर."

हाच विषय! महिनाभर पाठ करून ठेवलेला! आयुषने ओठ घट्ट मिटले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मागच्या वर्षी गैरहजर, यंदा मुका? एक मिनिट देतो. मग शून्य."

"सर, त्याचं मौन हाय," जनकाबाई दारातून म्हणाली. "मला इचारा, मी सांगते."

"बाई, शून्य म्हणजे पुन्हा नापास."

जनकाबाई दारातून आत आली. तिने लेकाकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं. "बोल लेकरा," ती म्हणाली. "चहाचं मी बघते."

आणि आयुष बोलला. न थांबता बोलला. पण "माय मदर ड्रिंक्स फोर कप्स टी" हे वाक्य आलं आणि त्याला हुंदकाच फुटला.

"इतकं मनापासून आज कोणीच बोललं नाही," म्हणत सरांनी वीसपैकी एकोणीस दिले.

बाहेर टपरीवर अय्याजने पुढे केलेला कप जनकाबाईने मुकाट्याने परत सारला. तिचं डोकं आताच ठणकायला लागलं होतं.

"झाल्या ना आता समद्या तोंडी?" तिने लेकाला विचारलं.

"न्हाई माय. सोमवारी मराठीची हाय."

जनकाबाईने डोळे मिटले, हात जोडले. "नागनाथा, चहा तं गेलाच. आता सोमवारसाठी..."

आयुषने झेप घेतली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.